६३ पावलं उत्तरेला, १७ पावलं पूर्वेला

खुंटी ठोकायला वाकले आणि काकांनी माझ्या हातातला दगड धरला.

"मॅडम, हितं नका ठोकू. तिकडं चला की, नाल्याकडं. तिथं बगा काय झालंय ते. हितलं सोयाबीन बगून कुणालाबी वाटंल, ह्याचं तर काहीच गेलं न्हाई."

काका खोटं बोलत नव्हते. २०२१ चा खरीप होता तो. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गुलाब चक्रीवादळाच्या मागे राहिलेल्या पावसानं मराठवाडा झोडपून काढला, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. आमच्या लातूर जिल्ह्यात काढणीला आलेलं सोयाबीन कुठं गुडघाभर पाण्यात उभं होतं, कुठं शेंगेतल्या शेंगेत दाण्याला कोंब फुटले होते. काकांच्या शेताचा नाल्याकडचा पट्टा काळा पडला होता, तिथून कुजका वास येत होता. आणि मी कृषी सहाय्यक म्हणून दोरी, टेप, चार खुंट्या, ताडपत्री आणि वजनकाटा घेऊन तुलनेनं बऱ्या दिसणाऱ्या जागी उभी होते. पीक कापणी प्रयोग करायला.

हा प्रयोग गावात सगळ्यांना ऐकून माहीत असतो, पण तो नेमका कसा होतो हे फार थोड्यांना माहीत असतं. पीकविम्याचे पैसे मिळणार की नाही, आणि मिळाले तर किती, हे बहुतांशी याच प्रयोगावर ठरतं. म्हणून मी जे केलं, जिथं अडले, ते सगळं लिहून ठेवते आहे.

पंतप्रधान पीक विमा योजनेत नुकसान प्रत्येक शेतकऱ्याचं वेगळं मोजत नाहीत. म्हणजे २०२१ मध्ये पूर किंवा गारपिटीच्या तक्रारींचा भाग वेगळा होता, पण हंगामाच्या शेवटी उत्पादनावरून जी भरपाई ठरते ती अख्ख्या महसूल मंडळाची एकच असते. मंडळात दहा-पंधरा, कधी वीस-पंचवीस गावं. हजारो हेक्टर सोयाबीन. सगळं मोजणं कुणालाच शक्य नाही. म्हणून त्या वर्षी मंडळात एका पिकाचे दहा प्रयोग करायचे, दहा शेतांत ठरावीक मापाची एकेक चौकट कापायची, आणि त्या दहा वजनांच्या सरासरीवरून मंडळाचं उत्पादन ठरवायचं. सोयाबीनची चौकट १० मीटर बाय ५ मीटर. म्हणजे मंडळभरात मिळून ५०० चौरस मीटर, अर्धा एकरसुद्धा नाही. त्या जमिनीनं बाकीच्या हजारो हेक्टरांच्या वतीनं बोलायचं.

काकांना मी आधी हेच सांगितलं. ते म्हणाले, "मग तर नाल्याकडंच चला."

आता इथं मला मागं जावं लागेल. काकांच्या शेतात मी माझ्या मर्जीनं आले नव्हते. गावं वरूनच निवडून आली होती, त्यात हे गाव होतं, आणि गावासाठी मला एक अंक मिळाला होता: ८४७. गावातला शेवटचा गट नंबर ३१२. अंक मोठा असला की शेवटच्या गट नंबरानं भागायचं आणि बाकी घ्यायची. ८४७ ला ३१२ नं भागलं, बाकी २२३. गट नंबर २२३ मध्ये ऊस उभा. ज्या पिकाचा प्रयोग ते पीक त्या गटात नसेल तर पुढचा गट. २२४ मध्ये सोयाबीन. ते काकांचं.

पुस्तकात याला यादृच्छिक निवड म्हणतात, आम्ही सगळे रँडमच म्हणतो. शब्द कुठलाही घ्या, मतलब एवढाच की निवडीत माणसाचा हात नाही. सरपंचाचं शेत घ्या म्हणून कुणी सांगू शकत नाही, रस्त्याकडेचं घ्या म्हणजे चिखल तुडवायला नको असं मी म्हणू शकत नाही. रस्त्याकडेच्या शेतांना खत वेळेवर पोचतं, मजूर तिथं आधी येतात, त्यामुळे ती शेतं सहसा बरी असतात. नुसती रस्त्याकडेची शेतं मोजली तर मंडळ खोटंच श्रीमंत दिसेल.

शेत ठरलं तरी शेतातली जागा ठरायची बाकी असते. त्यासाठी नैऋत्य कोपरा धरायचा. काकांच्या नैऋत्य कोपऱ्यात बांधावर बाभूळ आहे, तिथून मी पावलं टाकायला सुरुवात केली. उत्तरेकडं लांबी ११२ पावलं. पूर्वेकडं रुंदी ४८ पावलं. चौकट स्वतः साधारण १३ पावलं लांब आणि ७ पावलं रुंद, म्हणून तेवढी पावलं वजा करायची, नाहीतर चौकट बांधाबाहेर जाईल. उरली ९९ आणि ४१. मग यादृच्छिक अंकांचा तक्ता उघडायचा. लांबीसाठी आला ६३. रुंदीसाठी पहिला अंक आला ७६. तो ४१ पेक्षा मोठा, म्हणून सोडला. पुढचा १७.

काका खांद्यावरून बघत होते. "आता एक सोडलाव की तुमी. मग ह्यो बी सोडा."

"मोठा आला म्हणून सोडला काका, आवडला नाही म्हणून नाही. ७६ पावलं गेले तर मी तुमच्या शेजाऱ्याच्या शेतात उभी राहीन."

ते हसले नाहीत. मीही हसण्यासारखं काही बोलले नव्हते.

६३ पावलं उत्तरेला, तिथून वळून १७ पावलं पूर्वेला. तिथं पहिली खुंटी. आणि तिथंच त्यांनी दगड धरला.

मी परभणीला बी. एस्सी. कृषी केलं. तिथं आम्हाला संशोधन प्रक्षेत्रावर प्रयोगांची मांडणी करायला लावत. एका वाणाला चार वेगवेगळे खतमात्रेचे उपचार द्यायचे असतील तर कुठला उपचार कुठल्या वाफ्याला, हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. जमीन कधीच सगळीकडं सारखी नसते. एका टोकाला मुरूम, दुसऱ्या टोकाला काळी कसदार. चांगल्या जमिनीत आपल्या लाडक्या उपचाराला बसवलं तर जिंकलं कोण, खत की जमीन, ते कधीच कळणार नाही. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड इथल्या संशोधन केंद्रावर रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात हे सगळं शास्त्र बसवलं, असं आम्ही परीक्षेत लिहायचो. तेव्हा मला ते गुण मिळवायचं उत्तर वाटायचं. काकांनी दगड धरला तेव्हा ते पहिल्यांदा अंगावर आलं.

मी दगड सोडून खाली बसले. म्हटलं, "काका, तुमचा नाल्याकडचा कोपरा मी टाळलेला नाही. चिठ्ठीत त्यालाही या जागेइतकीच संधी होती. आज नाही आला. पण मंडळात जेवढं सोयाबीन पाण्यात गेलंय, तेवढ्या हिशेबानं दहातल्या काही चौकटी पाण्यातल्या येतील. तिथं मी त्या हलवणार नाही, आणि इथं ही हलवणार नाही."

ते बराच वेळ नाल्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "ठोका."

मला तो होकार सुखाचा वाटला नाही. त्यांचा मुलगा बांधावर उभा होता, त्यानं तोंड फिरवलं.

चौकट आखणं दिसायला सोपं आहे. १० मीटरवर दुसरी खुंटी, तिथून ५ मीटरवर तिसरी, मग चौथी. पण उभ्या पिकात कोन डोळ्यानं काटकोन दिसतो आणि असतो तिरका. म्हणून कर्ण मोजायचा. १० आणि ५ बाजूंच्या काटकोन चौकटीचा कर्ण ११ मीटर १८ सेंटिमीटर भरला पाहिजे, दोन्हीकडून. माझा पहिल्यांदा ११ मीटर ४० भरला. एक खुंटी उपटून पुन्हा ठोकली. मग ११.१८. काकांना हे आवडलं. त्यांनी टेपचं दुसरं टोक स्वतः धरलं आणि दुसरा कर्ण आम्ही दोघांनी मिळून मोजला.

दोरी ताणली आणि नवाच पेच आला. पूर्वेकडच्या लांब बाजूची दोरी बरोबर एका ओळीवर बसली. सोयाबीन इकडं पेरतात ४५ सेंटिमीटरवर, म्हणजे ५ मीटर रुंदीत मुश्किलीनं अकरा ओळी. त्यातली एक ओळ आत धरली की बाहेर, यावर नऊ टक्के उत्पादन इकडचं तिकडं होतं! नियम असा की झाड कुठंही झुकलेलं असू दे, मूळ दोरीच्या आत असेल तर झाड आत, बाहेर असेल तर बाहेर. म्हणून मी आणि गावातला एक पोरगा त्या दहा मीटर ओळीत गुडघ्यावर बसून सरकत गेलो, एकेका झाडाचा बुंधा हातानं चाचपत. जवळजवळ पाऊण तास. पावसानं पडलेली झाडं एकमेकांत गुंतलेली, बाहेरच्या झाडाच्या शेंगा आत, आतल्या झाडाच्या बाहेर. हात मनगटापर्यंत काळे झाले.

या पाऊण तासामागं मोठा इतिहास आहे आणि तो आपल्याच माणसाशी जोडलेला आहे. पूर्वी पिकाचा अंदाज नजरेनं व्हायचा. पीक किती आणे आहे ते सांगायचं, त्यावरून आणेवारी, आताची पैसेवारी. पन्नास पैशांच्या आत की बाहेर यावर गावाचं नशीब ठरायचं. नजर अनुभवी असली तरी नजरच. सारामाफी हवी असणाऱ्याला पीक कमी दिसतं, वसुली करणाऱ्याला जास्त. १९२० च्या दशकात बिहार-ओडिशात जॉन हबॅक या अधिकाऱ्यानं भाताच्या शेतात यादृच्छिक जागी छोटासा तुकडा आखून कापणी करून बघितली. पुढं बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ताग आणि भाताची मोठमोठी नमुना सर्वेक्षणं केली. आणि त्याच काळात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनहून पीएच. डी. करून आले आणि दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. १९४० च्या दशकात त्यांनी देशभर पीक कापणीची यादृच्छिक पद्धत बसवली. पुढं रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचं काम बघितलं, आणि शेवटी पुण्यात आले.

सुखात्म्यांचा आणि महालनोबिसांच्या पद्धतीचा वाद चौकटीच्या आकारावरून होता. छोटी चौकट स्वस्त पडते, पटकन होते, जास्त शेतांत टाकता येते. सुखात्म्यांनी मोठ्या आणि छोट्या चौकटी शेजारी शेजारी कापून दाखवलं की छोट्या चौकटीत उत्पादन हमखास जास्त भरतं. कारण काठ. काठावरचं झाड आत घ्यायचं की बाहेर अशी शंका आली की माणसाचा हात ते आतच घेतो. यात लबाडी नसते, पिकाबद्दलची हाव असते म्हणा किंवा हातातून काही सुटू नये ही सवय. एक मीटर बाय एक मीटर चौकटीत एका चौरस मीटरला चार मीटर काठ येतो. आमच्या १० बाय ५ मध्ये एका चौरस मीटरला फक्त ६० सेंटिमीटर. काठ जेवढा कमी, तेवढी त्या हाताची चूक कमी. चौकटी कितीही वाढवल्या तरी ही चूक कमी होत नाही, कारण ती प्रत्येक चौकटीत एकाच बाजूला झुकते. नमुना लहान असल्यानं येणारा फरक वेगळा आणि हा झुकाव वेगळा. सर्वेक्षणातली मला कळलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, आणि ती मला एका ओळीत गुडघ्यावर सरकताना कळली.

कापणी झाली. ताडपत्रीवर पेंढ्या पसरून काठीनं बडवल्या. काकूंनी सूप आणून दिलं आणि वाऱ्याला उभं राहून स्वतःच पाखडून दिलं. विमा कंपनीचा प्रतिनिधी, पोलीस पाटील, सरपंचांचा माणूस असे सगळे काट्याभोवती गोल. काटा आधी शून्यावर आणला, रिकाम्या पोत्याचं वजन वेगळं लिहिलं. दाणे भरले: ४ किलो ९८० ग्रॅम.

पण दाणे ओले होते. दाताखाली धरला तर टचकन फुटत नव्हता, चेपत होता. ओल्या मालाचं वजन म्हणजे पाण्याचं वजन. ५० चौरस मीटरवरून हेक्टर करायचं तर २०० नं गुणायचं, त्यामुळे काट्यावरचे १०० ग्रॅम म्हणजे हेक्टरी २० किलो. माल वाळवणं भाग होतं. पोतं शिवून, त्यावर सह्यांची चिठ्ठी लावून मी ते घरी नेलं आणि गच्चीवर पाच दिवस वाळवलं. सकाळी पसरायचं, संध्याकाळी ढग दिसले की गोळा करायचं. चिमण्या येऊ नयेत म्हणून जुनी साडी ताणली, मुलाला राखणीला बसवलं. पाचव्या दिवशी पुन्हा त्याच साक्षीदारांसमोर वजन केलं: ४ किलो ३५० ग्रॅम. म्हणजे हेक्टरी ८७० किलो.

एक गोष्ट मात्र तेव्हाही खुपली आणि अजून खुपते. कोंब फुटलेला, डागी दाणाही काट्यावर दाणाच असतो. बाजारात त्याला निम्मा भाव मिळाला तरी प्रयोगात त्याचं वजन पूर्ण धरलं जातं. मोजायला घेतलेली गोष्ट आणि जी जाणून घ्यायची ती गोष्ट एक नसली, की मोजणी कितीही काटेकोर केली तरी शेतकऱ्याचं अर्धं नुकसान वहीबाहेर राहतं. हे मी वरच्या बैठकीत बोलले आहे. तिथं ऐकून घेतलं गेलं, लिहून घेतलं गेलं नाही.

माझ्या वाट्याच्या दुसऱ्या एका शेतात मी पोचले तेव्हा तिथं नुसती धसकटं उरली होती. उघडीप मिळाली म्हणून मळणीयंत्रवाला आला आणि त्या दादांनी रात्रीतून काढून घेतलं. त्यांना दोष कसा देणार, पुन्हा पाऊस आला असता तर? नियमाप्रमाणे पुढचं शेत घेतलं. पण मनात राहून गेलं की ज्यांचं लवकर वाळलं, ज्यांना यंत्र मिळालं, तीच शेतं आपल्या हातून निसटतात, आणि मोजायला उरतात ती उशिराची, पाणथळ. निवडणुकीच्या वेळी घरोघर जाऊन मत विचारणाऱ्यांचंही हेच होत असणार. दार बंद असलेल्या घरातली माणसं दार उघडणाऱ्यांसारखीच असतील असं धरून चालतात, पण दार बंद असायलाही काही कारण असतंच. मी फॉर्मवर शेत का बदललं ते कारण लिहिलं. शेराच्या रकान्यात जागा पुरली नाही, मागच्या बाजूला लिहिलं.

आणि मग तिसरं गाव. तिथं अंकांनी मला नेलं ते थेट पाण्यात. चौकटीचा निम्मा भाग चिखलात, झाडं काळी, शेंगा हाताला लागल्या की गळत होत्या. विमा कंपनीचा तरुण प्रतिनिधी माझ्याच वयाचा, चांगला शिकलेला. तो म्हणाला, "मॅडम, हे काही मंडळाचं चित्र नाही. इथं कापलं तर सरासरी उगाच पडेल. वीस पावलं वर घेऊ, तिथं बघा किती छान पीक आहे. वाटल्यास नवीन अंक काढू."

माझ्या तोंडून शब्द आले ते मी चार दिवसांपूर्वी काकांना सांगितलेलेच. "चिठ्ठीत वरच्या जागेलाही या जागेइतकीच संधी होती. आज नाही आली. मंडळात जेवढं पीक छान आहे, तेवढ्या हिशेबानं छान चौकटी येतील. तिथं मी चौकट हलवली नाही, इथंही हलवणार नाही."

बोलून झाल्यावर माझे हात थरथरत होते. काकांना मी नाही म्हटलं तेव्हा मला अपराधी वाटलं होतं, त्यांच्या मुलानं फिरवलेलं तोंड रात्री झोपताना आठवलं होतं. या शेतात उभं राहिल्यावर कळलं की त्या दिवशी काकांसाठी मी खुंटी हलवली असती, तर आज या माणसाला नाही म्हणायला माझ्याकडं काहीच उरलं नसतं. त्यानं वाद घातला, फोन लावले, आक्षेप लिहितो म्हणाला. मी म्हटलं लिहा. अक्षांश-रेखांशासह फोटो काढले, ६ साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. वजन भरलं २ किलो १५० ग्रॅम.

दहा प्रयोग एकट्या माझे नव्हते. ते तलाठी, ग्रामसेवक आणि आम्ही कृषी सहाय्यक अशा तीन खात्यांत वाटलेले होते. सगळे झाल्यावर मी दहाही वजनं मागून घेतली आणि रात्री वहीत मांडली. किलोमध्ये: २.१५, ३.४०, ४.३५, ३.९०, ५.६०, २.८०, ४.७०, ३.२५, ५.१०, ३.७५. बेरीज ३९. सरासरी ३.९ किलो, म्हणजे हेक्टरी ७८० किलो.

मग परभणीत शिकलेलं पुढचं गणित केलं. ही वजनं सरासरीपासून साधारण एक किलोनं इकडं-तिकडं पसरलेली आहेत, प्रमाण विचलन १.०६. दहा नमुन्यांच्या सरासरीची चूक काढायची तर त्याला दहाच्या वर्गमुळानं भागायचं: ०.३४ किलो, म्हणजे हेक्टरी ६७ किलो. ९५ टक्के खात्रीनं बोलायचं तर मंडळाचं खरं उत्पादन ७८० च्या दोन्ही बाजूंना दीडशे किलोच्या पट्ट्यात कुठंतरी आहे. साधारण ६३० ते ९३०. सरकारी कागदावर मात्र एकच आकडा जातो, पट्टा जात नाही. पट्टा निम्मा करायचा तर दहाऐवजी चाळीस प्रयोग लागतील, कारण नमुना चौपट केला की चूक निम्मी होते. चाळीस प्रयोगांना माणसं कुठून आणायची, तेही पंधरा दिवसांत सगळं मंडळ काढणीला आलेलं असताना?

त्या पट्ट्याची किंमत रुपयांत मांडून बघितली. भरपाई ठरते उंबरठा उत्पादनावरून, मंडळाचं उत्पादन त्याखाली आलं तरच पैसे. गेल्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढायची आणि जोखीमस्तर, म्हणजे त्या सरासरीच्या किती टक्क्यांपर्यंत विम्याची हमी, ७० टक्के असेल तर तिचे ७० टक्के धरायचे. समजा, उंबरठा ९०० किलो आहे आणि हेक्टरी विमा रक्कम ४५ हजार. आमचं आलं ७८०. तूट १२० किलो, म्हणजे उंबरठ्याच्या १३.३ टक्के. विमा रकमेचे तेवढेच टक्के मिळतात, म्हणून भरपाई हेक्टरी ६ हजार. आता काकांचं ऐकून मी चौकट नाल्याकडं नेली असती आणि तिथं दोन किलो कमी भरलं असतं, तर सरासरी ३.७, उत्पादन ७४०, भरपाई ८ हजार. एक खुंटी हलवली की मंडळातल्या प्रत्येक विमा काढलेल्या शेतकऱ्याला हेक्टरी २ हजार जास्त.

हा हिशेब बघून मी वही मिटली आणि बराच वेळ तशीच बसले. माझे वडीलही शेतकरी. ते २ हजार कुणाच्या घरात काय करतात, हे मला माहीत आहे. पण त्या रात्री उलटा हिशेबही मांडला. त्या प्रतिनिधीचं ऐकून पाण्यातली चौकट वर घेतली असती आणि तिथं सव्वापाच किलो भरलं असतं, तर सरासरी ४.२१, उत्पादन ८४२, भरपाई २,९०० रुपये. निम्म्याहून कमी. माझ्या हातात खुंटी हलवायची मुभा आली की ती त्याच्याही हातात येते, आणि त्याच्या बाजूला फोन लावायला माणसं जास्त आहेत. काकांच्या बाजूला काका आणि त्यांचा मुलगा.

माझ्या आधीच्या वर्षांत काय झालं असेल, याचा विचार नको वाटतो. नोकरीला लागले तेव्हा एकानं मला प्रेमानंच सांगितलं होतं, "कशाला चिखलात जाता, मागच्या वर्षीचा आकडा घ्यायचा, थोडा कमी-जास्त करायचा." तसा घरी बसून भरलेला एकेक फॉर्म सात वर्षांच्या सरासरीत जाऊन बसतो. म्हणजे कुणाच्या तरी आळसातून तयार झालेल्या उंबरठ्याशी आजच्या खऱ्या वजनाची तुलना होते. हे थांबवण्याचा मला एकच मार्ग दिसतो, आपल्या वाट्याच्या चौकटी आपण जाऊन कापणं.

भरपाई जमा झाल्यावर काकांचा फोन आला. रक्कम सांगितली आणि विचारलं, "ज्याचं काहीच गेलं न्हाई त्यालाबी एवढंच, ज्याचं समदं गेलं त्यालाबी एवढंच?" मी हो म्हटलं. सरासरी मंडळाची आहे काका, तुमच्या शेताची नाही. ते म्हणाले, "मग माझं शेत कशाला मोजलं?" मंडळासाठी, असं उत्तर दिलं. ते खरं होतं आणि त्यांच्या उपयोगाचं नव्हतं. त्यांचा नाल्याकडचा पट्टा कुठल्याच आकड्यात आला नाही. दहा शेतांवरून मंडळ कळतं, काकांचा पट्टा कळायला तिथंच जाऊन पंचनामा करावा लागतो. ही दोन वेगळी कामं आहेत आणि दुसरं काम आमच्याकडं अजून नीट होत नाही.

पुढच्या खरिपात त्याच गावात पुन्हा प्रयोग आला. अंक वेगळा, गट वेगळा, काकांच्या शेतापासून दोन बांध पलीकडं. मी पोचले तर काका आधीच येऊन बसले होते. त्या शेताचा मालक मला वरच्या बाजूला चला म्हणत होता, खालच्या बाजूला खडक आहे म्हणत होता. मी तक्ता उघडायच्या आत काकांनी त्याला बाजूला घेतलं, काहीतरी सांगितलं, मग माझ्याजवळ आले आणि टेपचं टोक हातात घेतलं. खुंट्या ठोकून झाल्या. कर्ण ताणला. काका पलीकडच्या खुंटीशी उकिडवे बसले, टेप नाकाजवळ धरून आकडा वाचला आणि ओरडले, "अकरा पंचवीस भरायलंय मॅडम. ती खुटी काडा, परत ठोका."